बगदादचे ज्यू आणि त्यांचे मुसलमान शेजारी: वैर नक्की किती जुनं?

लेखन: जुनापूल

पश्चिम आशियात काही पेटलं की आपल्याकडच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर दोन ठरावीक मेसेज फिरायला लागतात. एक: ज्यू आणि मुसलमान यांचं चौदाशे वर्षांचं हाडवैर आहे, ते मिटायचं नाही. दुसरा: १९४८ पर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, इंग्रजांनी काडी लावली. पाठवणारे दोघेही ठाम, आणि दोघांनीही एखाद्या गावाचा इतिहास धड वाचलेला नसतो. सबंध मुस्लिम जग एका धाग्यात मावायचं नाही. मोरोक्कोची तऱ्हा वेगळी, येमेनची वेगळी, इराणची तर आणखीनच. म्हणून एकच शहर घेतोय, बगदाद. पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं ते घराणं तिथलं, हे एक निमित्त.

मुळात ज्यू बगदादला आले नाहीत, बगदाद त्यांच्या मुलखात येऊन वसलं. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, लोकांना बाबिलोनला नेलं गेलं, तेव्हापासून ते युफ्रेटिसकाठी. बाबिलोनी तालमूद, म्हणजे ज्यूंचा मोठा धर्मशास्त्रग्रंथ, तिथेच रचला गेला. सातव्या शतकात अरब फौजा पोचल्या तेव्हा या समाजाला त्या मातीत हजारावर वर्षं झाली होती. अब्बासी खलिफा अल-मन्सूरने ७६२ मध्ये नवी राजधानी वसवली आणि पुढे सुरा आणि पुंबेदिता ही ज्यूंची दोन जुनी विद्यापीठंही तिथेच हलली. सुराचा प्रमुख साआदिया गाओन (मृत्यू ९४२) याने बायबल अरबीत आणलं, तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ अरबीत लिहिला, आणि वाद घालायची पद्धत थेट मुसलमान कलामपंडितांची (धर्मतत्त्वांवर तर्काने वाद घालणाऱ्यांची) उचलली.

कायद्याने हे लोक धिम्मी. जिझिया भरायचा, नवं प्रार्थनास्थळ बांधायचं नाही, मुसलमानापेक्षा वरचढ दिसेल असं काही करायचं नाही. बदल्यात जीव, मालमत्ता, धर्म आणि स्वतःचा न्यायनिवाडा शाबूत. याला समानता म्हणणं हा विनोद आहे, आणि निव्वळ छळ म्हणणं हाही. नियम कागदावर कडक, व्यवहारात सैल; पण कधी आवळायचे ते गादीवरच्याच्या मर्जीवर. ८५० मध्ये खलिफा मुतवक्किलने ज्यू-ख्रिश्चनांना मधाच्या रंगाचा पेहराव सक्तीचा केला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला त्याच दरबाराला पैसा कमी पडला की योसेफ बेन पिनहास आणि आरोन बेन अम्राम हे दोन ज्यू सराफ कर्ज देत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि एकीने दुसरी खोटी पडत नाही.

सुमारे ११७० मध्ये स्पेनमधल्या तुदेलाचा प्रवासी बेंजामिन बगदादला आला. तिथल्या ज्यूंचा पुढारी, 'रेश गालुता', दर गुरुवारी खलिफाच्या भेटीला कसा निघतो ते त्याने लिहून ठेवलंय. रेशमी जरीची वस्त्रं, मोठा फेटा, मागेपुढे ज्यू आणि मुसलमान दोन्ही घोडेस्वार, आणि भालदार अरबीत ओरडतायत: वाट सोडा, आमच्या स्वामींसाठी, दाऊदच्या पुत्रासाठी! खलिफा त्याला समोर आसन देतो. याच बेंजामिनने हिल्ल्याजवळच्या यहेज्केल प्रेषिताच्या कबरीचंही वर्णन केलंय. ज्यू तिथे यात्रेला येत, मुसलमानही येत. आज त्या गावाला अल-किफ्ल म्हणतात.

हे वाचून 'सुवर्णयुग' म्हणून उड्या मारायच्या आधी १२९१ बघा. बगदाद तेव्हा मंगोलांच्या ताब्यात होतं आणि त्यांचा राजा, इलखान अर्घून, याने साद अल-दौला नावाच्या ज्यू वैद्याला वजीर केलं. माणूस हिशेबात चोख, वसुलीत कडक, आणि आपले नातेवाईक मोक्याच्या जागी बसवणारा. अर्घून मरणाला टेकला तेव्हा अमीरांनी आधी वजिराला मारलं, मग बगदादच्या ज्यूवस्तीवर जमाव चालून गेला. स्पेनमधल्या ग्रनाडात १०६६ मध्ये अगदी हेच झालं होतं: ज्यू वजीर योसेफ इब्न नग्रेला मारला गेला आणि पाठोपाठ वस्ती कापली गेली. पदावरचा ज्यू म्हणजे राजाचा माणूस. त्याला स्वतःची फौज नाही, टोळी नाही, म्हणूनच राजाला तो हवा असतो; आणि राजा गेला की त्याच्यासकट सगळ्या समाजाला धनी उरत नाही.

आता ससून. अठराव्या शतकाच्या शेवटी डेव्हिड ससूनचे वडील सालेह बगदादच्या पाशाचे मुख्य सराफ होते. १८१७ नंतर दाऊद पाशाच्या अमदानीत श्रीमंत ज्यूंना पकडायचं, पैसे उकळायचे, हा सपाटा सुरू झाला. डेव्हिड आधी इराणच्या बुशहर बंदरात पळाला, आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत. पाशा मुसलमान होता म्हणून हे झालं का? दाऊद पाशाला इस्तंबूलच्या उस्मानी सुलतानापासून फुटून राहायचं होतं, त्याला पैसा हवा होता, आणि पैसा सराफाकडे असतो. धिम्मी असणं एवढ्याच कामाचं की सराफाला वाचवायला कोणी येणार नव्हतं. (मुंबईत या घराण्याने अफूवर किती कमावलं हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्र धागा काढा कोणीतरी.)

उस्मानी सुधारणांनी १८३९ आणि १८५६ मध्ये कायद्यात समान प्रजेचं तत्त्व आणलं, जिझिया गेला. १८६४ मध्ये बगदादला आलियान्स या फ्रेंच ज्यू संस्थेची शाळा निघाली आणि ज्यू पोरं हिशेब, फ्रेंच, इंग्रजी शिकून व्यापारात आणि सरकारी नोकरीत घुसली. १९१७ मध्ये इंग्रज शहरात शिरले तेव्हा बगदादची साधारण एक तृतीयांश वस्ती ज्यू होती. शनिवारी बाजार थंड. नव्या इराकचा पहिला अर्थमंत्री ससून हेस्केल, ज्यू. तेलकंपनीशी करार करताना मोबदला सोन्याच्या भावाने मिळाला पाहिजे यावर तो अडून बसला, आणि पुढे पौंड घसरल्यावर इराकचं भलं झालं, हे तिथले मुसलमानही अजून सांगतात. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली. इराकने पाठवलेला गायक मुहम्मद अल-कुब्बान्जी मुसलमान, साथीचे वादक जवळजवळ सगळे ज्यू.

मग नऊ वर्षांत असं काय झालं?

१९४१ च्या एप्रिलमध्ये रशीद अलीने बंड करून सत्ता घेतली. जर्मन वकिलात, बर्लिन रेडिओचा अरबी प्रचार, पॅलेस्टाइनमधून परागंदा होऊन १९३९ पासून बगदादला येऊन बसलेला जेरुसलेमचा मुफ्ती अमीन अल-हुसैनी, पॅलेस्टाइनच्या बातम्यांनी तापलेली शाळा-कॉलेजं. मेअखेरीस इंग्रजांनी बंड मोडलं, रशीद अली पळाला, पण इंग्रज फौज शहराबाहेर थांबली. १ आणि २ जून, ज्यूंचा शवुओत सण. पोकळी मिळाली आणि सैनिक, पोलीस, लुटारू पोरं वस्त्यांत घुसली. सुमारे १८० ज्यू मारले गेले, शेकडो घरं-दुकानं लुटली गेली. यालाच 'फरहूद' म्हणतात. दुसऱ्या दिवशी सरकारी फौजेने गोळ्या घातल्या तेव्हा लूट थांबली. त्याच दोन दिवसांत कितीतरी मुसलमानांनी शेजाऱ्यांना घरात लपवलं, दारात काठी नाहीतर बंदूक घेऊन बसले. वाचलेल्यांच्या आठवणींत लुटणारे बहुधा अनोळखी असतात, आणि दार उघडणारा शेजारी नावानिशी आठवतो.

तरी १९४१ नंतर लगेच समाज गेला नाही. दुकानं पुन्हा उघडली. शेवट १९४८ नंतर झाला. इस्रायल स्थापन झालं, झायोनिझम (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ) हा इराकमध्ये गुन्हा ठरला, सप्टेंबरमध्ये शफीक अदस या धनाढ्य ज्यू व्यापाऱ्याला बसऱ्यात त्याच्याच घरासमोर फाशी दिलं. मार्च १९५० मध्ये कायदा आला: नागरिकत्व सोडा आणि जा. लोकांनी नावं नोंदवली, आणि मार्च १९५१ मध्ये नोंदवलेल्यांची मालमत्ता गोठवली. माणशी एक बॅग आणि जास्तीत जास्त ५० दिनार. १९५०-५१ मध्ये १,२०,००० च्या आसपास लोक विमानाने इस्रायलला गेले. अडीच हजार वर्षांची वस्ती दीड वर्षात रिकामी झाली.

मला यातून एवढंच म्हणायचंय: धर्माने ज्यूला दुय्यम ठेवलं, पण जागा दिली होती. ती जागाच काढून घेतली ती विसाव्या शतकातल्या दोन राष्ट्रवादांनी. एक म्हणाला अरब असशील तर ज्यू असू नकोस, दुसरा म्हणाला ज्यू असशील तर अरब असू नकोस. बगदादचा ज्यू दोन्ही होता.

आता हाणा.

प्रतिसाद

चहाबाज
पहिला नंबर. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत वाचून घेतला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडकवासला७
लेख माहितीपूर्ण, पण सोयीस्कर. सुरुवात ७६२ पासून कशी काय? मदिना गाळलंत. बनू कुरैझाचं काय झालं ते लिहायला हात आखडला का? आणि आजही मोर्च्यांत 'खैबर, खैबर' ओरडतात ते कशाला?

जुनापूल
@खडकवासला७, हात आखडला नाही, शहर वेगळं होतं. घ्या मदिना. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद मदिनेला आले तेव्हा तिथे तीन मोठ्या ज्यू टोळ्या होत्या. सुरुवातीच्या करारनाम्यात ज्यूंना 'त्यांचा धर्म त्यांना, मुसलमानांचा मुसलमानांना' असं मान्य केलंय. प्रार्थनेची दिशाही आधी जेरुसलेम होती, ६२४ मध्ये ती मक्केकडे वळली. मग मक्केशी लढाया, एकमेकांवर फितुरीचे आरोप. बनू कैनुका आणि बनू नदीर हाकलले गेले, ६२७ मध्ये बनू कुरैझाच्या पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुलं गुलाम झाली. इब्न इसहाक आकडा ६०० ते ९०० देतो. यात सारवासारव करायचं कारण नाही.

पण खैबरही पुरतं सांगा. ६२८ मध्ये ते जिंकल्यावर तिथल्या ज्यूंना शेती कसू दिली, अर्ध्या पिकाच्या बोलीवर. तोच नमुना पुढे सगळीकडे गेला: हरवा, कर घ्या, राहू द्या. खलिफा उमरने त्यांना खैबरमधूनही काढलं, आणि याच उमरच्या काळात जेरुसलेम जिंकल्यावर ज्यूंना तिथे पुन्हा राहायला मुभा मिळाली. बायझंटाइन ख्रिश्चनांनी त्यांना कित्येक शतकं तिथे राहायला मनाई केली होती. मोर्च्यातला माणूस त्या सगळ्यातून एक शब्द उचलतो. बाराव्या शतकातल्या कैरोच्या काझीने दुसरा उचलला असता.

खडकवासला७
शेवटची दोन वाक्यं चलाखीची आहेत. उचलायला तो शब्द मुळात शिल्लक आहे ना? मुद्दा तोच आहे.

पाणपोई
कैरोचं नाव निघालंच आहे म्हणून. ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मूसा इब्न मैमून, म्हणजे मायमोनिडीस, याच्याइतकं हे नातं कोणाच्याच आयुष्यात गुंतागुंतीचं नसेल. जन्म स्पेनमधलं कोर्दोबा, ११३८. दहाएक वर्षांचा असताना अलमोहाद हे कडवं मुसलमान घराणं सत्तेवर आलं. ते धिम्मीची भानगडच मानत नव्हते: मुसलमान व्हा, नाहीतर निघा, नाहीतर मरा. कुटुंब भटकत फेझला, तिथून पॅलेस्टाइन, शेवटी इजिप्तमधलं फुस्तात. म्हणजे मुसलमान राज्यातून पळून मुसलमान राज्यातच आसरा. तिथे तो सुलतान सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल याचा वैद्य झाला.

११७२ मध्ये येमेनच्या ज्यूंवर सक्तीच्या धर्मांतराची वेळ आली तेव्हा त्याने त्यांना पत्र पाठवलं. त्यात तो म्हणतो की इश्माएलच्या वंशाइतका, म्हणजे अरबांइतका, छळ दुसऱ्या कोणी केला नाही. हे कुठल्या भाषेत लिहिलंय? अरबीत, हिब्रू लिपीत.

आणि ११९९ चं ते दुसरं पत्र, भाषांतरकार इब्न तिब्बोनला लिहिलेलं. तो भेटीला येऊ का विचारतोय, हा म्हणतो येऊन काय करणार, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. सुलतान कैरोत, मी फुस्तातला, मध्ये दीडेक मैल. रोज सकाळी दरबारात. दुपारी भुकेने व्याकूळ होऊन घरी येतो तर ओसरी माणसांनी भरलेली: ज्यू, बिगर-ज्यू, न्यायाधीश, शिपाई, मित्र, शत्रू. जनावरावरून उतरतो, हात धुतो, लोकांची माफी मागून चार घास खातो, दिवसभरातलं तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत औषधं लिहून देतो, थकून आडवा पडल्या पडल्या. मला वाटतं 'सहअस्तित्व' वगैरे शब्द वापरण्यापेक्षा ती ओसरी दाखवावी.

जुनापूल
@पाणपोई, कमाल प्रतिसाद. अलमोहादांमुळे 'अंदालुसचं', म्हणजे मुस्लिम स्पेनचं, 'सुवर्णयुग' कसं आणि कधी संपलं हेही आलं.

चिंचबन
फुस्तातचा विषय निघाला तर बेन एझ्रा सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची) गनिझा सोडून कसं चालेल! देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही म्हणून जुने कागद एका खोलीत साठवत गेले. १८९६-९७ मध्ये शेख्टर या अभ्यासकाने त्यांतले केंब्रिजला नेले, आज तिथे दोन लाखांच्या घरात तुकडे आहेत. पत्रं, करारपत्रं, लग्नाच्या याद्या, वाण्याची बिलं.

त्यात आपल्या किनाऱ्याची पत्रं आहेत. अब्राहम बेन यिजू, ट्युनिशियातला ज्यू, ११३२ ते ११४९ या काळात बराचसा मंगळुरात होता. पितळेची भांडी घडवायचा कारखाना काढला, आशू नावाच्या दासीला मुक्त केलं. एडनचा त्याचा ज्यू भागीदार मदमून त्याला कागद, साखर, मनुका पाठवायचा. इकडून मिरी, सुपारी, लोखंड जायचं. आणि हा माल चढायचा कोणाच्या गलबतांवर? सिराफच्या रामिश्तच्या, म्हणजे मुसलमान नाखुद्याच्या. तोच रामिश्त ज्याने मक्केच्या काब्याला चिनी कापडाचं आच्छादन घातलं. गलबत बुडालं की दोघांचा माल बुडायचा. व्यवहार फिसकटला तर ज्यू व्यापारी बिनदिक्कत काझीकडे जायचे, त्यांच्या रब्बींना (धर्मगुरूंना) ते आवडत नसे तरीही.

उलटतपासणी
सगळं गोड गोड चाललंय. युरोपशी तुलना अजून कोणी कशी केली नाही? इंग्लंडने १२९० मध्ये हाकललं, फ्रान्सने १३०६ मध्ये, स्पेनने १४९२ मध्ये. स्पेनमधून निघालेल्यांना उस्मानी सुलतान बायझीद दुसरा याने जागा दिली, सालोनिका ज्यूंचं शहर झालं. आणि विसाव्या शतकात युरोपने जे केलं ते सांगायला नको.

मेथीकूट
@उलटतपासणी, ही तुलना प्रत्येक वेळी होते, आणि माझं प्रत्येक वेळी डोकं उठतं. युरोपपेक्षा बरं ही काही पट्टी नाही. त्या पट्टीवर कोणीही पास होईल. इराणातलं मशहद घ्या. १८३९ मध्ये जमावाने वस्तीवर हल्ला केला, तीसेक ज्यू मारले, उरलेल्यांना एका दिवसात मुसलमान व्हायला लावलं. पुढे कित्येक पिढ्या हे लोक बाहेर नमाज, हज, मुसलमान नावं, आणि घरात तळघरात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस. लग्नं आपापसांतच, आणि तीही लहानपणी ठरवून टाकायची, म्हणजे बाहेरचं स्थळ आलं तर सांगता यावं की ठरलंय. इराणात शिया मौलवींच्या नियमांनुसार ज्यू अस्पृश्य. काही गावांत पाऊस पडत असताना घराबाहेर पडायला बंदी, ओल्या अंगाचा विटाळ होतो म्हणून. हे वाचताना मराठी माणसाला काही आठवत नसेल तर आश्चर्य आहे.

उलटतपासणी
आठवलं. बरोबर आहे तुमचं. पण मग 'इस्लाम' एवढं एकच कारण पुरत नाही हेही सिद्ध होतं. बायझीदही मुसलमान, मशहदचे मुल्लाही मुसलमान.

साखरखाडी
आमच्याकडची गोष्ट. मी रेवदंड्याकडचा. बेने इस्रायल लोकांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, आमच्या आजीच्या तोंडी 'शनिवार तेली' हेच नाव होतं, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे. या समाजाचा आणि कोकणी मुसलमानांचा संबंध कधी कोणी लिहीत नाही, कारण सांगण्याजोगं भांडणच नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या राज्यात १८९० च्या दशकात शालोम बापूजी वारघरकर कारभारी होते. मुसलमान नवाब, ज्यू दिवाण, रयत बहुतांशी हिंदू.

सागाव-खंडाळ्याला एलियाहू हनावी या प्रेषिताची जागा आहे, खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. नवस फेडायला तिथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडेही नियाजला मलिदा असायचा, त्यांचा चपाती कुस्करून. दोन्ही घरांतून वाटी आमच्याकडे यायची, आणि कुठला चांगला यावरून आमच्याच घरात भांडणं.

खडकवासला७
@साखरखाडी, टिपू सुलतानची गोष्ट राहिली.

साखरखाडी
हो. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत. टिपूच्या कैदेत सापडला. परंपरा अशी सांगते की धर्म विचारल्यावर 'बेने इस्रायल' म्हणाला, टिपूच्या आईने ते नाव कुराणातलं म्हणून ओळखलं आणि जीव वाचवला. दंतकथा म्हणूनच घ्या. पक्की गोष्ट ही की सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, मुंबईतलं पहिलं. आजूबाजूला आज भरगच्च मुसलमान व्यापारी वस्ती.

भायखळा_पूर्व
भायखळ्याची हीच कथा. मागेन डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससूननेच बांधलेलं, निळ्या रंगाचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. त्याच आवारातल्या सर जेकब ससून शाळेत आता बहुतेक मुलं मुसलमान. मी त्या रस्त्याने शाळेत जायचे, मधल्या सुट्टीत फाटकाशी बुरख्यातल्या आया डबे घेऊन उभ्या असत, त्यांच्या डोक्यावर दगडात हिब्रू अक्षरं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. बाहेरचे पत्रकार येऊन फोटो काढायचे तेव्हा कळायचं की हे विशेष आहे.

२६/११ ला नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी आणि पाहुणे मारले गेले. मेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम ट्रस्टने साफ नकार दिला होता. ते पण नोंदवून ठेवते.

मेथीकूट
@जुनापूल, मूळ लेखातल्या दोन राष्ट्रवादांबद्दल. तुम्ही दोघांना सारखंच माप लावलंत, ते मला पटलं नाही. बगदादच्या ज्यूंना फाशी इराकने दिलं, मालमत्ता इराकने गोठवली. १९६९ च्या जानेवारीत बाथ पक्षाच्या सरकारने हेरगिरीच्या आरोपाखाली १४ जणांना जाहीर फासावर चढवलं, त्यात ९ ज्यू, आणि लोक बघायला आले. यात दुसरा राष्ट्रवाद कुठे आला?

उलटतपासणी
@मेथीकूट, तो आला असा: १९४८ मध्ये सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. बगदादच्या रस्त्यावर त्याचा राग काढायला समोर कोण होतं? तिथला ज्यू, ज्याने पॅलेस्टाइन पाहिलंही नव्हतं. आणि १९५०-५१ मध्ये बगदादला ज्यूंच्या ठिकाणांवर बॉम्ब पडले. जानेवारी १९५१ मध्ये मसूदा शेम-तोव सिनेगॉगवर, जिथे जायला निघालेले लोक नोंदणीसाठी जमत. इराकने त्यासाठी झायोनिस्ट भूमिगतांना पकडून दोघांना फाशी दिलं. इस्रायलने कायम इन्कार केला. इराकी ज्यूंमध्येच यावर अजून दोन तट आहेत.

जुनापूल
@मेथीकूट, सारखं माप नाही लावलं, की लावलं असं वाटलं? बगदादमध्ये जे घडलं त्याचा धनी इराकच. नूरी अल-सईदसारखे पुढारी तर ज्यूंच्या जाण्याकडे इस्रायलला अडचणीत आणायची युक्ती म्हणून बघत होते. पण विमानातून उतरल्यावरचं बघा. विमानतळावर डीडीटीचा फवारा, मग 'माअबारा' म्हणजे तंबू आणि पत्र्याची छावणी. बगदादला बँकेत अधिकारी असलेला माणूस खड्डे खणतोय. पोरांना सांगितलं जायचं अरबी बोलू नका, ती शत्रूची भाषा. घरात आजी दुसरी कुठलीच भाषा बोलत नाही! दुसरा राष्ट्रवाद मी म्हणतो तो हा. तो मारत नव्हता, पुसत होता. फरक मोठा आहे, मान्य.

एक फरक आणखी. इराकी सरकारने गोठवलेल्या मालमत्तेचा हिशेब इस्रायलने पॅलेस्टिनींच्या मालमत्तेसमोर मांडून ठेवला. म्हणजे दोन सरकारांनी परस्पर वजाबाकी केली आणि दोन्हीकडच्या माणसांच्या हातात शून्य.

चिंचबन
मूळ लेखात १९३२ च्या परिषदेचा उल्लेख आहे त्यापुढचं कोणीतरी लिहाच. सालेह आणि दाऊद अल-कुवेती.

पाणपोई
@चिंचबन, मी लिहिते. दोघे भाऊ, घराणं इराकी, वाढले कुवेतमध्ये, म्हणून ते नाव. सालेह व्हायोलिन, दाऊद ऊद. १९३६ मध्ये बगदाद रेडिओ सुरू झाला तेव्हा त्याचा वाद्यवृंद सालेहने उभा केला. इजिप्तची विख्यात गायिका उम्म कुलसूमने त्याचं एक गाणं गायलंय. १९५१ मध्ये दोघे इस्रायलला गेले. तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत भांड्याकुंड्यांचं दुकान टाकलं. इस्रायल रेडिओच्या अरबी कार्यक्रमात वाजवायचे, आणि ते ऐकायचं कोण, तर इराकमधले मुसलमान. पुढे बाथ राजवटीत त्यांच्या चालींवरून नावं काढून 'पारंपरिक' असं लिहिलं गेलं. गाणी मात्र चालूच होती, लग्नांत, कॅफेंत, रेडिओवर. नावं पुन्हा लागायला लागली २००३ नंतर.

खडकवासला७
गाणी ठेवली, माणसं हाकलली. एवढं वाचूनही माझं मत फारसं बदललं नाही. पण मशहद आणि बगदाद एकाच वाक्यात घालणार नाही यापुढे. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

जुनापूल
@खडकवासला७, एवढं पुष्कळ झालं. मोरोक्कोवर भाग दोन टाकतो. सुलतान मुहम्मद पाचवा आणि नाझींच्या कलाने चालणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारचे कायदे यावर तुमच्यासाठी भरपूर दारूगोळा आहे.

चहाबाज
पॉपकॉर्न संपले. एक साधा प्रश्न. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, आतून बघता येतं का? डेव्हिड ससूनची कबर तिथेच आहे म्हणतात.

भायखळा_पूर्व
हो, आवारातच आहे. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले, देऊळ १८६७ मध्ये पूर्ण झालं. सरळ जाऊन उभं राहू नका, फाटकावर पोलीस असतात. आधी देवळाच्या विश्वस्तांची परवानगी काढा, ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि शनिवार टाळा. डोकं झाकायला रुमाल न्या.